शॉकॲब्सॉर्बर निवडताना कडकपणा हा निकष नको

महोदय,

गेल्या रविवारी आपल्या वाहनविषयक पानावर, जुन्या मोटारीचे मूळ शॉकॲब्सॉर्बर काढून बाजारातले ‘स्पोर्ट’ प्रकारचे बसवल्यास ती वळणावर कलत नाही, असा सल्ला छापून आला आहे. त्यावर विसंबून खर्च करणाऱ्या वाचकांच्या पदरी निराशा पडण्याचा संभव आहे, म्हणून हे पत्र.

एका वळणावर मोटार किती कलणार, हे मुख्यतः तिच्या स्प्रिंगांचा ताठपणा, अँटी-रोल बार (डाव्या-उजव्या चाकांना जोडून कलणे रोखणारी सळई) आणि वजनाच्या मध्याची उंची यांवर ठरते. शॉकॲब्सॉर्बरचे काम निराळे आहे. त्याच्या नळीतले तेल पिस्टनच्या बारीक झडपांतून रेटले जाते आणि स्प्रिंगच्या उसळीतली ऊर्जा उष्णता होऊन तेलात जिरते. त्यामुळे तो आवरतो तो कलण्याचा वेग. लांबच लांब वळणावर गाडी एकाच गतीने वळत राहिली, तर कडक शॉकॲब्सॉर्बर असूनही ती जवळजवळ पूर्वीइतकीच कलते. मेढ्याहून महाबळेश्वरला जाताना लागणाऱ्या केळघर घाटासारख्या, डावे वळण संपते न संपते तोच उजवे सुरू होणाऱ्या रस्त्यावर मात्र हा वेग आवरला गेला की गाडी हातात आल्यासारखी वाटते, आणि त्यातूनच ‘कलणे बंद झाले’ हा समज पसरतो.

या समजाचा मीही बळी आहे. २०१३ साली घेतलेली माझी स्विफ्ट नव्वद हजार किलोमीटर झाल्यावर गतिरोधकावरून उतरताच दोन-तीनदा झुलू लागली आणि ब्रेक लावताना पुढून खाली बसू लागली. तेव्हा एका दुकानदाराने “साहेब, कडकच टाका, गाडी रस्ता सोडणार नाही,” असे सांगून चारही चाकांना कडक माल बसवून दिला. महामार्गावर आठवडाभर मी खूश होतो. पुढे पावसाळ्यात, खडी उखडलेल्या एका वळणावर मागची चाके टणाटण उडत बाहेरच्या बाजूला सरकली, आणि माझी खुशी तिथेच संपली.

असे का झाले, हे समजून घेण्यासारखे आहे. मोटारीचे धड स्प्रिंगांवर सेकंदाला साधारण एक-दीड वेळा झुलते, तर चाक स्वतः सेकंदाला दहा-पंधरा वेळा थरथरते. धडाच्या संथ झोक्याला आवर घालायला बऱ्यापैकी विरोध लागतो. पण तेवढाच विरोध चाकाच्या जलद थरथरीला झाला, तर चाक खळग्यात वेळेवर उतरत नाही आणि उंचवट्यावरून सरळ हवेत जाते. टायर जमिनीला टेकलेलाच नसेल, तर पकड यायची कुठून? म्हणून चांगल्या शॉकॲब्सॉर्बरचे कसब झडपांच्या रचनेत असते. हॉलंडच्या कोनी कंपनीने जलद थरथरीच्या वेळी तेलाला जादा वाट मोकळी करून देणारी रचना केली ती याच अडचणीवर. जर्मनीच्या बिल्स्टाइनने १९५७ साली मर्सिडीज-बेंझसाठी एकनळीचा, नायट्रोजनच्या दाबाचा शॉकॲब्सॉर्बर आणला. त्यातला वायू मुख्यतः तेलाला फेस येऊ नये म्हणून असतो. (आपल्याकडे ‘गॅसवाला’ म्हणजे गाडीचे वजन उचलून धरणारा, अशी समजूत दुकानादुकानांत आढळते. वजन स्प्रिंगच उचलते.)

तेव्हा निवडीचा पहिला प्रश्न आपल्या स्प्रिंगा मूळच्याच राहणार आहेत का, हा असावा. बिल्स्टाइनच्याच मालिकेत ‘बी ४’ हा मूळ बनावटीच्या जवळचा, ‘बी ६’ मूळ उंचीच्या गाडीसाठी अधिक ताठ, आणि ‘बी ८’ आखूड स्प्रिंगा घालून बसक्या केलेल्या गाडीसाठी आखूड दांड्याचा, असा भेद केलेला आहे. नुसत्या स्प्रिंगा आखूड करून शॉकॲब्सॉर्बर जुनेच ठेवले, तर त्यांना दबायला पुरेशी जागाच उरत नाही. शिवाय पुढे मॅकफर्सन स्ट्रट (शॉकॲब्सॉर्बर आणि चाकाचा आधार एकाच खांबात असलेली रचना) असलेली गाडी फार बसकी केली की खालचा आर्म, म्हणजे चाकाला गाडीशी जोडणारा दांडा, चाकाच्या बाजूने वर चढतो, गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो वजनाच्या मध्यापेक्षाही अधिक खाली जातो आणि कलायला उलट जास्त वाव मिळतो. स्प्रिंगच्या वेढ्यांत रबरी बफर अडकवण्याची जी टूम सध्या आहे, तिचेही तसेच: स्प्रिंग ताठ होते, पण ती ताठ स्प्रिंग आवरण्याचे जादा काम आधीच थकलेल्या शॉकॲब्सॉर्बरवर पडते.

स्ट्रटबाबत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. १९५०च्या फोर्ड कॉन्सुलपासून रूढ झालेल्या या रचनेत स्ट्रट हा शॉकॲब्सॉर्बर तर असतोच, पण चाकाला सरळ धरून ठेवणारा खांबही असतो. म्हणून तो बदलताना वरचे माउंट, बेअरिंग आणि बंप स्टॉप (स्ट्रट पूर्ण दबण्याआधी अडवणारा ठोकळा) तपासावेत, डावा-उजवा जोडीनेच बदलावा आणि लगेच अलाइनमेंट करून घ्यावे. हे न केल्यास महागडा स्ट्रट लावूनही स्टिअरिंग एका बाजूला ओढत राहते. उंची बदलणाऱ्यांनी मोटार वाहन कायदा, १९८८ मधील, वाहनात फेरफार करण्याविषयीचे कलम ५२ अवश्य वाचावे आणि विमा कंपनीलाही आधी विचारावे.

माझी खरी तक्रार माहितीच्या अभावाची आहे. शॉकॲब्सॉर्बरचे मोजमाप यंत्रावर होते: पिस्टन ठरावीक वेगाने, बहुधा सेकंदाला ०.३ मीटर, हलवून दबताना आणि उलगडताना किती बल लागते ते पाहतात. हे दोन आकडे मूळ भागाच्या आकड्यांशेजारी ठेवले, तर ‘स्पोर्ट’ म्हणजे नेमके किती, हे ग्राहकाला कळेल. मी ज्या पाच दुकानांत चौकशी केली, तिथे एकाही खोक्यावर हे आकडे नव्हते. आपल्या वाहनविषयक पानाने एखाद्या शॉकॲब्सॉर्बरची शिफारस करताना तरी ते मागवून छापावेत, ही विनंती.

मी अखेर मूळ मापाचे, भारतातच बनलेले शॉकॲब्सॉर्बर बसवून घेतले. १९६१ पासून हा उद्योग करणाऱ्या गॅब्रिएल इंडियासारख्या, मोटार कंपन्यांना माल पुरवणाऱ्या उत्पादकांचे सुटे भाग खुल्या बाजारातही मिळतात, हे मला आधी ठाऊक असते तर एक खर्च वाचला असता. त्याच वळणावर आता मागची चाके जागा सोडत नाहीत. उतरवलेला कडक माल माळ्यावर पडून आहे. दुकानदार तो परत घेत नाही आणि त्याचे आकडेही त्याला सांगता येत नाहीत.

आपला,
एक वाहनधारक वाचक,
सातारा