तपेली माळ्यावर आणि खरेदीखत दिवाणात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घर आवरण्यावरचे लेख आपल्या पुरवणीत दरवर्षी नवरात्राच्या तोंडावर येतात. सोबत एकसारख्या काचेच्या बरण्या, वेताच्या टोपल्या आणि पांढऱ्याशुभ्र कपाटांचे फोटो. लेख वाईट नसतात. पण कृष्णाकाठच्या घरांसाठी ते चार महिने उशिरा येतात आणि त्यांतला हिशेबही इथे लागू पडत नाही. सांगलीत पसारा डोळ्यांना खुपतो म्हणून आवरायचा नसतो, वेळ आली की उचलता यावा म्हणून आवरायचा असतो. २००५ आणि २०२१ चा पूर जुलैच्या अखेरीस आला, २०१९ चा ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात. म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर हात घालून मृगाआधी, ७ जूनच्या आत काम उरकले पाहिजे. जाळी-जळमटे दसऱ्याला खुशाल काढावीत.

गावभागातल्या किंवा खणभागातल्या जुन्या घरांतून साधारण काय दिसते? माळ्यावर तांब्याचा बंब, पितळी तपेली, घंगाळे, लग्नात आलेले हंडे-कळशा. खाली दीड फूट उंचीच्या दिवाणात गाद्या, गोधड्या, फोटोंचे अल्बम आणि अगदी तळाशी, कुणाचा हात लागू नये म्हणून, खरेदीखताची पिशवी. सगळे नेमके उलटे. तांबे-पितळ आठ दिवस पाण्यात राहिले तरी चिंच लावून घासले की पुन्हा लख्ख. कागद, कापूस, धान्य आणि विजेच्या वस्तू एकदा बुडाल्या की बहुधा कामातून जातात. तेव्हा पाण्याने बिघडत नाही ते खाली आणि बिघडते ते वर, एवढी एकच अदलाबदल आधी करावी. पुराचा प्रश्न नसलेल्या घरांनाही ती फायद्याची आहे. पावसाळ्यात जमिनीतली ओल भिंतीतून दोन-तीन फूट चढते आणि दिवाणाचा तळ सगळ्यांत आधी कुबट होतो.

माळ्याचे काम एका दिवसाचे, पण दोन माणसांचे. एकाने वर, एकाने खाली. एकट्याने शिडीवर उभे राहून डबे उतरवू नयेत, तोल तिथेच जातो. सकाळी सुरुवात करावी आणि माळा पूर्ण रिकामा करावा. अर्धा रिकामा करून वरच्या वर सरकवासरकव केली की तासाभरात सगळे जिथल्या तिथे जाऊन बसते. उतरवलेल्या सामानाचे अंगणात चार ढीग: रोजचे, सणावाराचे, कुणाला तरी द्यायचे आणि मोडीत घालायचे. पाचवा ढीग आपोआप तयार होतो, ‘बघू’ नावाचा, आणि सगळा घात तोच करतो. त्याला एकच पोते द्यावे, तोंड शिवून वर तारीख लिहावी. पुढच्या मृगापर्यंत शिवण उसवली नाही, तर न उघडता देऊन टाकावे. उघडले की पुन्हा ‘बघू’ सुरू.

माळ्याची स्लॅब बहुतेक घरांत जेमतेम तीन इंचांची असते आणि भिंतीतून बाहेर नुसती काढलेली असते. तिच्या पुढच्या कडेला वजन ठेवणे सर्वांत वाईट. बंब, जाते, पुस्तकांची पेटी अशा जड वस्तू कडेला रचल्या की भिंतीलगत वरच्या बाजूला बारीक चीर दिसू लागते. चुना लावला की ती झाकते, जात नाही. वर हलके सामान, तेही भिंतीकडून कडेकडे उतरत्या वजनाने. धान्याचे पोते किंवा इन्व्हर्टरची बॅटरी माळ्यावर कधीही नको. बॅटरीचे वजन पन्नास किलोंच्या पुढे जाते आणि आत आम्ल असते.

मोडीत काय घालायचे यावर घरोघरी भांडणे होतात. त्यांतली निम्मी खोक्यांवरून. टीव्हीचे, मिक्सरचे, पंख्याचे खोके थर्माकोलसकट दहा-दहा वर्षे जपलेले असतात, कारण काय तर वॉरंटी. वॉरंटीला बहुतेक वेळा बिल आणि यंत्रावरचा क्रमांक लागतो, खोके नव्हे. पुठ्ठा झुरळांना आणि कसरीला मात्र फार आवडतो. बिल चकचकीत पातळ कागदावर छापलेले असेल तर त्याची आजच झेरॉक्स काढावी. ती शाई वर्षभरात उडते आणि लॅमिनेशनच्या उष्णतेने कागद काळा ठिक्कर पडतो. जुना पितळी टाकीचा स्टोव्ह मात्र लोखंडाच्या भावात देऊ नये. टाकी वेगळी काढून पितळेच्या भावात वजन करून घ्यावी. झाकण हरवलेले प्लॅस्टिकचे डबे शोधायला एक युक्ती पुरते: सगळे डबे आणि सगळी झाकणे एकदाच जमिनीवर मांडायची, जोडी जमेल ते ठेवायचे. कपडे बोहारणीला देताना एवढेच पाहावे की कपड्यांच्या बदल्यात नवा टब घरात येणार नाही.

लग्नपत्रिकांचा वेगळाच पेच असतो. वर गणपती छापलेला, म्हणून रद्दीत जात नाहीत. फडताळात वीस वर्षांच्या पत्रिका आणि देवादिकांची कॅलेंडरे साठतात. त्यांचे गाठोडे नदीत सोडणे हा काही उपाय नव्हे. चित्राचा भाग कातरून घ्यावा, बाकीचा कागद रद्दीत. साध्या कागदावरचे चित्र रात्रभर पाण्यात भिजवून लगदा करून कुंडीच्या मातीत मिसळता येते. चकचकीत प्लॅस्टिकचा थर असलेली पत्रिका विरघळत नाही, तिचा आग्रह धरू नये.

आता धान्य. इथे चूक महागात पडते. उन्हाळ्यात वर्षाचा शाळू आणि गहू भरायची आपल्याकडची रीत. पाच माणसांच्या घरात महिन्याला वीस-पंचवीस किलो धान्य धरले, तर अडीच-तीन क्विंटल होते. ते तळमजल्यावर शंभर किलोंच्या पोत्यांत, भिंतीला टेकून. ते पोते ऐनवेळी उचलायला चार माणसे कुठून आणायची? नदीकाठच्या वस्तीत दिवाळीपर्यंत पुरेल एवढेच, म्हणजे सव्वा-दीड क्विंटल भरावे आणि तेही पंचवीस किलोंच्या घट्ट झाकणाच्या बॅरलांतून. दोन बाया एक बॅरल जिन्यावर नेऊ शकतात. दिवाळीनंतर चार पैसे जास्त पडतील, ते पडू द्यावेत.

भरण्याआधी धान्याला दोन कडक उन्हे द्यावीत, ताडपत्रीवर इंच-दीड इंचाचा थर, दर दोन तासांनी हात फिरवून. दाणा दाताखाली कट्ट आवाज करून फुटला पाहिजे, चेपला तर अजून ओल आहे. आणि ऊन लागले की लगेच बॅरल भरायचे नाही. ही चूक जाणती माणसेही करतात. गरम धान्य बंद केले की रात्री थंड होताना झाकणाच्या आतून पाणी सुटते, वरचा चार बोटांचा थर भिजतो आणि पंधरा दिवसांत बुरशी धरतो. मग दोष जातो बॅरलला. धान्य रात्रभर घरात पसरून निवू द्यावे, सकाळी भरावे आणि काठोकाठ भरावे, आत हवा जितकी कमी तितकी कीड कमी. कडुनिंबाचा पाला घालायचा तर सावलीत कुरकुरीत वाळलेला. हिरवा पाला स्वतःच ओल सोडतो. कडधान्याला किलोमागे चहाचा एक चमचा एरंडेल चोळले की पुरते. गेल्या वर्षीचे तळाचे पायलीभर धान्य नव्यात मिसळू नये. मुठीत घेऊन पाहा, बोटांवर पिठासारखी भुकटी राहिली तर आत सोंडे आहेत आणि ते नव्या धान्यात आठवडाभरात पसरतात.

एक गोष्ट मात्र कळकळीने. पोत्यात ठेवायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या राहत्या घरात आणूच नयेत. हवेतल्या ओलीने त्यांतून फॉस्फिन वायू सुटतो आणि बंद खोलीत तो झोपेतच जीव घेतो. माळा आवरताना अशी जुनी नळी सापडली तर उघडून पाहू नये, पाणी लागू देऊ नये, केरात टाकू नये. हवेशीर, कोरड्या जागी मुलांच्या हाताबाहेर ठेवून कृषी विभागाच्या कार्यालयात विचारावे.

कपड्यांचे थोडक्यात: डांबरगोळ्या आणि कापूर एकाच पेटीत ठेवू नयेत. दोन्ही एकमेकांना लागून ओशट पाझर सुटतो आणि जरीवर डाग पडतात. जरीच्या साड्यांच्या घड्या वर्षातून एकदा बदलाव्यात, नाहीतर जरीचे धागे घडीवरच तुटतात.

कागदपत्रांचे काम दोन दुपारी खाते, पण त्यातून सगळ्यांत जास्त जागा मोकळी होते. सातबाऱ्याच्या साध्या उताऱ्यांचे गठ्ठे जपण्याचे कारण उरलेले नाही, डिजिटल स्वाक्षरीचा उतारा केव्हाही मिळतो. हस्तलिखित जुने फेरफार आणि दावा चालू असलेल्या जमिनीचे कागद मात्र वेगळे काढावेत. विजेची बिले वर्षभराची पुरेत. नोंदणीकृत खरेदीखत गेले तर दुय्यम निबंधकाकडून नक्कल मिळते, पण मूळ दस्त तो मूळ दस्त. त्याला लॅमिनेशन करू नये. एकदा चिकटलेले प्लॅस्टिक काढता येत नाही आणि आत राहिलेली ओल कागद पिवळा करते. मूळ दस्त, वाटणीपत्र, विम्याची कागदे, गुणपत्रिका, पासबुके हे सगळे एका जाड प्लॅस्टिकच्या पाकिटात, ते पाकीट दुसऱ्यात, तोंडे उलट बाजूंना. पिशवी कपाटाच्या आत नको. दाराजवळ डोक्याच्या उंचीवर खुंटीला असावी आणि घरातल्या प्रत्येकाला ती ठाऊक असावी. पाणी वाढताना लोखंडी कपाटाची किल्ली सापडत नाही, हे काय सांगायला हवे? एवढे करूनही दस्त भिजलाच तर पाने ओढून सुटी करू नयेत आणि उन्हात टाकू नयेत. मध्ये कोरे टीपकागद घालून पंख्याखाली ठेवावे, दर दोन-तीन तासांनी टीपकागद बदलावेत.

नवे कपाट, नवे डबे, नव्या टोपल्या या सगळ्यांनंतर, आणि लागल्या तरच. आधी डबे आणणाऱ्यांच्या घरात दोन महिन्यांनी डब्यांचाच पसारा होतो. भुश्श्याच्या पाट्यांचे तयार फर्निचर तळमजल्यावर टाळावे. एकदा भिजले की फुगून बिजागऱ्या सोडते, वाळवून काही उपयोग नाही. जुने सागवानी कपाट चिखल धुऊन, सावलीत वाळवून पुन्हा उभे राहते. फळ्या ठोकताना २०१९ च्या पुराची रेघ बघा. कित्येक भिंतींवर ती अजून आहे. रेघ छातीच्या खाली असेल तर सगळ्यांत वरची फळी तिच्यावर दोन फूट घ्यावी. डोक्याच्या वर असेल तर माळाही पाण्याखाली जाणार, तिथे फळ्यांचा खर्च न करता सामान दहा-बारा किलोंच्या गाठोड्यांत बांधून वरच्या मजल्यावरच्या कोणाशी आधीच बोलून ठेवावे.

आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर अशा सखल वस्त्यांत पाणी इशारा पातळीच्या आधीच शिरते, त्यामुळे तिथल्या घरांनी आपला आकडा वेगळा धरावा आणि दाराच्या मागे खडूने लिहावा: अमुक फुटांना कागद आणि औषधे, अमुक फुटांना धान्य, त्यानंतर गाद्या. कापसाची गादी भिजली की दोघांना हलत नाही, म्हणून ती शेवटी ठेवली तरी कोरडी असतानाच हलवावी. जुन्या गादीचा कापूस मे महिन्यातच पिंजून घेतला तर दोन गाद्यांची एक होते आणि ओझेही कमी होते.

राहिला प्रश्न घरातून निघालेल्या मोठ्या सामानाचा. भंगारवाला लोखंड, पितळ, रद्दी नेतो. फाटकी गादी, मोडका सोफा, फोम, थर्माकोल नेत नाही. मग ते रात्री नाल्यात पडते आणि जुलैत त्याच नाल्याचे पाणी उलटे गल्लीत येते. घंटागाडीत गादी मावत नाही, हे नागरिकांनाही ठाऊक आहे आणि गाडीवाल्यालाही. महापालिकेने मे महिन्यात प्रभागवार एकेक दिवस ठरवून फक्त गाद्या आणि मोडके फर्निचर नेण्यासाठी ट्रॅक्टर-ट्रॉली फिरवावी, तारखा आपल्या वृत्तपत्रातून आठवडाभर आधी जाहीर व्हाव्यात. ट्यूबलाइट, मुदत संपलेली औषधे, रंगाचे डबे त्याच दिवशी वेगळे घ्यावेत. हा घातक कचरा ओल्या-सुक्यापासून वेगळा देणे घनकचरा नियमांतच आहे. आणि आपल्याला विनंती अशी की, घर आवरण्याची पुरवणी यंदा मेच्या दुसऱ्या आठवड्यात काढावी. काचेच्या बरण्यांचे फोटो त्यात असले तरी हरकत नाही.

आपली,
एक वाचक, गावभाग, सांगली

ता. क. : घर सोडताना सिलिंडरचा नॉब बंद करून, रेग्युलेटर काढून, टोपी लावून तो खिडकीच्या गजाला साखळीने बांधावा. १४.२ किलो गॅसचा भरलेला सिलिंडरसुद्धा पाण्यात तरंगतो आणि वाहत जाऊन दुसऱ्याच्या दारात आदळतो.