ईगल स्काउटच्या कागदपत्रांची तयारी अकराव्या वर्षापासून हवी

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेत वाढणारी अनेक मराठी मुले-मुली येथील स्काउट पथकांत जातात, आणि त्यांतले कोणी ‘ईगल स्काउट’ या सर्वोच्च दर्जापर्यंत पोहोचले की गणवेशातले त्याचे छायाचित्र भारतातल्या आजी-आजोबांच्या भिंतीवर लागते. अशाच एका पथकात मी बरीच वर्षे स्वयंसेविका असून मुलांच्या प्रगतीच्या नोंदी ठेवण्याचे काम माझ्याकडे आहे. त्या अनुभवातून एक गोष्ट आपल्या वाचकांसमोर, विशेषतः स्काउट मुलांच्या पालकांसमोर, मांडावीशी वाटते. मुलांना आम्ही गाठी मारायला, तंबू उभारायला आणि होकायंत्र वाचायला शिकवतो. पण ईगलच्या वाटेवरचे अर्ज, सह्या, तारखा आणि मंजुऱ्या कशा सांभाळायच्या हे मात्र शिकवत नाही, आणि मग सतराव्या वर्षी ते सगळे काम आई-वडील स्वतःच्या अंगावर घेतात.

अमेरिकेतील ही स्काउट संघटना, म्हणजे ‘बॉय स्काउट्स ऑफ अमेरिका’, 1910 साली स्थापन झाली आणि 1912 साली आर्थर एल्ड्रेड हा पहिला ईगल स्काउट ठरला. तेव्हाही 21 मेरिट बॅज, म्हणजे एकेका विषयातल्या प्रावीण्याची पदके, लागत, आजही तेवढेच लागतात. 1965 साली त्यात सेवाप्रकल्पाची अट आली. 2019 पासून मुलींनाही हा मार्ग खुला झाला असून संघटनेचे नाव आता ‘स्काउटिंग अमेरिका’ असे झाले आहे. कष्टाच्या अटी पालकांना साधारण ठाऊक असतात. कागदाच्या अटी मात्र बहुधा शेवटच्या वर्षी कळतात.

सर्वांत कठोर अट वयाची आहे. अखेरची मुलाखत, म्हणजे ‘बोर्ड ऑफ रिव्ह्यू’, वगळता सर्व काही अठराव्या वाढदिवसाच्या आत पूर्ण व्हावे लागते. मुदतवाढ मिळते, पण ती मुलाच्या हाताबाहेरच्या अडचणीसाठी. विसरलेल्या सहीसाठी किंवा हरवलेल्या कार्डासाठी नव्हे. त्यात ‘फर्स्ट क्लास’, ‘स्टार’, ‘लाइफ’ आणि ‘ईगल’ असे एकापुढचे एक दर्जे असतात. ‘फर्स्ट क्लास’ झाल्यावर ‘स्टार’साठी किमान चार महिने, ‘स्टार’नंतर ‘लाइफ’साठी सहा आणि ‘लाइफ’नंतर ‘ईगल’साठी आणखी सहा महिने पथकात सक्रिय राहावे लागते. म्हणजे एकूण सोळा महिने. सोळा वर्षे आणि आठ महिन्यांचा होईपर्यंत जो मुलगा ‘फर्स्ट क्लास’ झालेला नाही, त्याने पुढे दिवसरात्र एक केले तरी हे गणित जुळत नाही. हा साधा हिशेब अकरा वर्षांच्या मुलाला बोटांवर करता येतो, पण तो त्याच्याकडून करून घेतलेला मी क्वचितच पाहिला आहे.

सेवाप्रकल्पाचेही तसेच. बाग, शाळा, प्रार्थनास्थळ किंवा एखादी सामाजिक संस्था यांच्यासाठी काम ठरले की आधी लेखी प्रस्ताव तयार करावा लागतो आणि त्यावर ज्या संस्थेसाठी काम करायचे ती संस्था, पथकप्रमुख, पथकाची समिती आणि कौन्सिल किंवा डिस्ट्रिक्ट (संघटनेच्या स्थानिक शाखा) अशा चौघांची मंजुरी घ्यावी लागते. या सह्या होण्यापूर्वी कामाला सुरुवात करायची नसते. बाहेरून निधी गोळा करायचा असेल तर त्यासाठी बहुतेक वेळा वेगळा अर्ज लागतो. ‘सरकारी काम, सहा महिने थांब’ असे आपण म्हणतो. येथे सहा महिने लागत नाहीत, पण समितीची बैठक महिन्यातून एकदाच होत असेल आणि मुलाने ती चुकवली, तर महिना हातचा जातो. उन्हाळ्याची सुट्टी संपते, मदतीला येणारे मित्र पांगतात आणि लाकूड कापायला उत्सुक असलेला मुलगा एका सहीसाठी हात बांधून बसून राहतो.

येथे मला माझी एक चूक सांगितली पाहिजे. आमच्या पथकातल्या एका मुलाचा ईगलचा अर्ज परत आला, कारण त्याने लिहिलेली ‘लाइफ’ दर्जाची तारीख कौन्सिलच्या कार्यालयातील नोंदीशी जुळत नव्हती. नोंदीत ती जवळजवळ दोन महिने पुढची होती आणि त्यामुळे त्याचे सहा महिने भरत नव्हते. ती नोंद मी केली होती. ज्या दिवशी त्या दर्जाची मुलाखत झाली त्या दिवसाची तारीख घालण्याऐवजी मी संगणकावर बसले त्या दिवसाची तारीख घातली होती. अठराव्या वाढदिवसाला तेव्हा तीन आठवडे उरले होते. सुदैवाने मुलाने आपले स्काउट हँडबुक जपून ठेवले होते आणि त्याच्या शेवटच्या पानांवर सही व खरी तारीख होती. त्याचे वडील स्वतःच कार्यालयाला फोन करायला निघाले होते. मी त्यांना थांबण्याची विनंती केली. मुलाने दोनदा नंबर लावून फोन ठेवून दिला, तिसऱ्यांदा मात्र आपले नाव, पथकाचा क्रमांक आणि अडचण नीट सांगितली, पानाची प्रत पाठवली आणि दोन दिवसांनी पुन्हा फोन करून ती पोहोचल्याची खात्री केली. हे सारे त्याला कोणीही शिकवले नव्हते, मीही नाही, आणि याची मला आजही खंत वाटते.

त्यानंतर आम्ही पद्धत बदलली. नवा मुलगा पथकात आला की पहिल्याच महिन्यात त्याला एक फाइल आणून प्लास्टिकच्या खिशांची पाने लावायला सांगतो. मेरिट बॅजच्या निळ्या कार्डाचे तीन भाग असतात: एक पथकाचा, एक काउन्सेलरचा (त्या बॅजसाठी मार्गदर्शन करणाऱ्या मोठ्या माणसाचा) आणि एक स्वतः स्काउटचा. हा तिसरा भाग बहुतेक घरांत कपड्यांबरोबर धुतला जातो. आता तो त्या खिशात जातो. नोंदी संगणकावर असल्या तरी आम्ही हा आग्रह सोडलेला नाही. वर्षातून दोनदा मुलगा माझ्या शेजारी बसून आपली फाइल आणि माझी नोंद ओळीने ताडून पाहतो, आणि माझ्या चुका तोच काढतो. काउन्सेलरला पहिला निरोप, भेटीची वेळ मागणे, उत्तर आले नाही तर आठवड्याने पुन्हा नम्रपणे विचारणे, हे तो स्वतः करतो.

खरे तर अभ्यासक्रमातच या शिस्तीची सोय आहे. ‘पर्सनल मॅनेजमेंट’ बॅजसाठी तेरा आठवडे जमाखर्च लिहावा लागतो, ‘पर्सनल फिटनेस’साठी बारा आठवड्यांची व्यायामाची नोंद आणि ‘फॅमिली लाइफ’साठी नव्वद दिवसांच्या घरकामाची. पण अनेक घरांत या नोंदी शेवटच्या रात्री आठवून, एकाच पेनाने लिहिल्या जातात. तसे केलेल्या मुलाला पुढे प्रकल्पाचे वर्कबुक डोईजड वाटले तर त्यात नवल नाही.

आपल्या मराठी घरांबद्दल थोडे स्पष्ट लिहिते. मुलाचा अर्ज आपण भरणे ही आपल्याला माया वाटते. मूल अभ्यासात गुंतलेले, परीक्षा तोंडावर, तेव्हा ‘तू सही कर, बाकी मी बघते’ असे सहज तोंडून निघते. मीही माझ्या मोठ्या मुलाच्या बाबतीत हे केले आहे. पण अर्जासोबत स्वतःच्या आयुष्याच्या ध्येयाबद्दल एक निवेदन जोडावे लागते, आणि ते आईच्या भाषेत लिहिलेले असले तर मुलाखतीत दोन प्रश्नांतच समोरच्यांना कळते. त्या खोलीत मान खाली घालून बसलेले मूल पाहणे फार जड जाते.

मोठ्यांकडूनही एक अपेक्षा आहे. संघटनेच्या नियमांनुसार कोणतेही पथक किंवा समिती दर्जाच्या अटींत भर घालू शकत नाही आणि त्या कमीही करू शकत नाही. तरीही ‘प्रकल्पात अमुक इतके तास भरलेच पाहिजेत’ असे सांगितले जाते, जरी किमान तासांची अशी कोणतीही अट नाही. अशा वेळी ‘हे कुठे लिहिले आहे, मला दाखवाल का?’ असे आदराने विचारता येणे हेही मुलाला शिकवायला हवे. पथकप्रमुखाने अर्जावर सही नाकारली तरी मुलाला मुलाखत मागण्याचा मार्ग असतो, हे किती मुलांना माहीत असते?

कागदपत्रेच कमी करा, असे काही पालक म्हणतात. काही ठिकाणी ती कमी व्हावीत, हे मला मान्य आहे. परंतु ज्या संस्थेच्या जागेत मुले करवत आणि कुदळ घेऊन उतरणार आहेत, तिची लेखी संमती आधी घेणे मला अनाठायी वाटत नाही.

ज्यांच्या घरी पंधरा-सोळा वर्षांचा स्काउट आहे, त्यांनी या आठवड्यात त्याला जन्मतारीख, हँडबुक आणि निळी कार्डे घेऊन टेबलाशी बसवावे, महिने त्याला मोजू द्यावेत, आणि कार्यालयातील नोंदीची प्रत मागणारे पत्र त्याच्याच हातून जाऊ द्यावे.

आपली नम्र,
एक स्काउट स्वयंसेविका, अमेरिका