विद्यापीठाचा इतिहास कलाभवनापासून सांगावा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाला पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाल्यापासून त्याच्या वाटचालीविषयी पुष्कळ बोलले आणि लिहिले जात आहे. त्यात सयाजीराव महाराजांनी १९४९ मध्ये विद्यापीठ स्थापन केले, असे विधान वारंवार कानी पडते. महाराजांचे निधन ६ फेब्रुवारी १९३९ रोजी झाले होते. विद्यापीठ त्यांचे नातू प्रतापसिंहराव यांच्या काळात, ३० एप्रिल १९४९ रोजी अस्तित्वात आले आणि दुसऱ्याच दिवशी, १ मे रोजी, बडोदे संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. लयाला जाणाऱ्या राज्याने साठ-सत्तर वर्षांत उभारलेल्या आपल्या शिक्षणसंस्था स्वतंत्र कायद्याने विद्यापीठाच्या हाती सोपवल्या, ही घटना एवढी मोठी आहे की ती चुकीच्या नावावर आणि एका ओळीत उरकली जाऊ नये.

या संस्थांपैकी बडोदा कॉलेज सर्वांना ठाऊक आहे. १८८१ मध्ये सुरू झालेले हे महाविद्यालय परीक्षांसाठी मुंबई विद्यापीठाशी संलग्न होते, अरविंद घोष यांनी तेथे अध्यापन केले आणि वास्तुरचनाकार चिझम यांनी आराखडा केलेल्या त्याच्या इमारतीचा घुमट आजही विद्यापीठाची खूण म्हणून मिरवला जातो. कलाभवन या तंत्रशिक्षण देणाऱ्या संस्थेच्या वाट्याला मात्र एवढी आठवण आलेली नाही, आणि हे पत्र लिहिण्याचे मुख्य कारण तेच आहे.

कलाभवन १८९० मध्ये सुरू झाले. त्याचे पहिले प्राचार्य त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर हे रसायनशास्त्राचे अध्यापक होते आणि उद्योगधंद्याचे ज्ञान कारागिराच्या मुलाला त्याच्याच भाषेत मिळाले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. रंगाई व छपाई, सुतारकाम, यंत्रविद्या, रेखाकला असे विषय तेथे इंग्रजीची अट न घालता शिकवले जात. पाठ्यपुस्तके नव्हती, म्हणून ‘सयाजी ज्ञानमंजूषा’ या मालेसाठी महाराजांनी पैसा दिला आणि शास्त्रीय व औद्योगिक विषयांवरील ग्रंथ गुजरातीत लिहवून घेण्यात आले. हे सारे घडत होते तेव्हा मुंबई इलाख्यातील बहुतेक महाविद्यालयांत विज्ञान इंग्रजीतूनच शिकवले जात होते. दादासाहेब फाळके याच कलाभवनात चित्रकला शिकले, ही गोष्ट मराठी वाचकाने तरी विसरू नये. पुढे गज्जर यांच्या शिष्यांपैकी कोटीभास्कर आणि भाईलाल अमीन यांनी १९०७ मध्ये ‘अलेम्बिक’ या रसायने व औषधे बनवणाऱ्या कारखान्याचा पाया घातला. बडोद्याला रसायन व औषध उद्योगाचे शहर बनवणाऱ्या परंपरेचा धागा असा एका अध्यापकाच्या प्रयोगशाळेपर्यंत जातो. आजची तंत्रशास्त्र व अभियांत्रिकी विद्याशाखा कलाभवनाच्याच आवारात भरते.

१९४९ नंतरची वाढ निःसंशय अभिमानास्पद आहे. पहिल्या कुलगुरू हंसा मेहता यांनी १९५८ पर्यंतच्या कारकिर्दीत विद्यापीठाला जो आकार दिला, त्याला तोड नाही. १९५० मध्ये ललित कला विद्याशाखा सुरू झाली, तेथे मूळचे इंदूरचे नारायण श्रीधर बेंद्रे आले आणि त्यांच्या हाताखाली चित्रकारांची एक सबंध पिढी घडली. १९५२ मध्ये वस्तुसंग्रहालयशास्त्राचा विभाग निघाला. प्राच्यविद्या मंदिराने वाल्मीकि रामायणाची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली आणि पुरातत्त्व विभागाने गुजरातमधील देवनी मोरी या प्राचीन बौद्ध स्थळी उत्खनन केले. याच विद्यापीठातून १९७१ मध्ये भौतिकशास्त्राची पदवी घेतलेले वेंकटरामन रामकृष्णन २००९ मध्ये रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ठरले.

या विद्यापीठाचे शिक्षणाचे माध्यम इंग्रजी आहे. त्यामुळे देशभरातील विद्यार्थी व प्राध्यापक येथे येऊ शकले, हा लाभ मला पूर्णपणे मान्य आहे. परंतु गज्जरांनी सुरू केलेले स्वभाषेतील तंत्रशिक्षण त्यात मागे पडले आणि त्याची नोंदही कोणी नीट घेतली नाही, याचे वाईट वाटते. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर मातृभाषेतून अभियांत्रिकी शिकवण्याची चर्चा नवी कल्पना असल्यासारखी चालते. बडोद्याने एकशेतीस वर्षांपूर्वी ती प्रत्यक्षात आणली होती, पुस्तकांची आणि परिभाषेची अडचण सोसली होती आणि त्यातून मार्गही काढला होता. तो अनुभव आजच्या अध्यापकांना उपलब्ध नसेल, तर त्याच अडचणी पुन्हा पहिल्यापासून सोसाव्या लागतील.

गुजरात सार्वजनिक विद्यापीठ कायदा, २०२३ लागू झाल्यावर या विद्यापीठाचा स्वतःचा १९४९चा कायदा राहिला नाही आणि इतर विद्यापीठांप्रमाणे येथेही एकच चौकट आली. त्या बदलाच्या गुणदोषांची चर्चा स्वतंत्रपणे व्हावी. पण वेगळा कायदा गेल्यावर वेगळेपणाची कागदपत्रे तरी जपली जाणे पूर्वीपेक्षा निकडीचे झाले आहे.

म्हणून विद्यापीठाला माझी विनंती अशी की ज्ञानमंजूषेचे ग्रंथ आणि कलाभवनाचे अभ्यासक्रम व अहवाल, जेथे असतील तेथून एकत्र करून त्यांच्या प्रतिमा सर्वांसाठी खुल्या कराव्यात आणि वस्तुसंग्रहालयशास्त्राच्या विद्यार्थ्यांकडून कलाभवनाच्या आवारातच एक कायमचे दालन उभे करून घ्यावे. त्याची माहिती गुजराती आणि मराठी दोन्ही भाषांत असावी. संस्थानकाळातील जुनी मराठी कागदपत्रे वाचण्यासाठी मोडी जाणणारी माणसे लागतील, आणि आपल्या शहरात ती अजून आहेत. येथील मराठी मंडळांनी त्यांची नावे विद्यापीठाला कळवण्याचे काम या वर्षीच हाती घ्यावे, असे मी आपल्या वृत्तपत्राद्वारे त्यांना आवाहन करतो.

आपला,
एक निवृत्त अध्यापक
दांडिया बाजार, वडोदरा