माझ्या नावाचा चौकोन

तोकामाची, नीगाता प्रांत
एप्रिल २०२५

तीर्थस्वरूप आजींस,
शिरसाष्टांग नमस्कार.

रक्ताचं नातं नसलेल्या पण घरच्यासारख्या वडीलधाऱ्या माणसाला 'तीर्थस्वरूप' लिहायचं, असं माझ्या आईने शिकवलंय. तुम्हाला दुसरं काही लिहायला माझा हात वळला नसता. हे पत्र तुम्हाला वाचता येणार नाही, हे मला माहीत आहे. तुमच्यासाठी जपानीत वेगळं लिहिलंय, ते परवा तुमच्या हातात दिलं आणि तुम्ही ते देव्हाऱ्यात आजोबांच्या फोटोपुढे ठेवलंत. पण त्यात मावलं नाही ते पुष्कळ होतं. शिवाय परदेशात, तेही टोकियो-ओसाकापासून दूर अशा बर्फाळ गावात एकटी राहणारी मुलगी कशी तगली, हे माझ्या भाषेच्या माणसांना कळावं, म्हणून हे मराठीत आणि उघड्यावर.

मी इथे आले २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये. वृद्धाश्रमातली नोकरी, आणि संस्थेने भाड्याने घेतलेलं तुमच्या शेजारचं जुनं लाकडी घर. नर्सिंग झालं होतं, जपानीची परीक्षाही पास होते. पण परीक्षेतली जपानी आणि तोकामाचीत म्हाताऱ्यांच्या तोंडून निघणारी जपानी यांच्यात शिनानो नदीएवढं अंतर आहे. पहिले दोन महिने गावात काय चाललंय याचा मला पत्ता नसायचा. एका कचऱ्याच्या दिवशी माझी पिशवी लाल चिठ्ठी चिकटवून परत ठेवलेली होती. एकदा सगळी गल्ली सकाळी सातला फावडी घेऊन बाहेर, आणि मी रात्रपाळी करून येते तो सगळे माझ्याकडे बघतायत. एका कार्यालयात विचारायला गेले तर चार पानी जपानी कागद हातात आला, त्यातल्या निम्म्या कांजी, म्हणजे चिनी वळणाच्या चित्राक्षरा, मला लागत नव्हत्या. कुणी वाईट वागलं नाही. पण गावाची बातमी माझ्या दारावरून पुढे जात होती, आत येत नव्हती.

मग डिसेंबरातल्या एका संध्याकाळी दारात 'गोमेन कुदासाई', म्हणजे 'कुणी आहे का घरात', अशी हाक ऐकू आली. तुमच्या हातात परीक्षेला नेतात तसलं एक पॅड होतं.

ते काइरानबान. मराठी वाचकांसाठी सांगते: जपानमध्ये बहुतेक प्रत्येक मोहल्ल्याची एक मंडळी असते, चोनाइकाइ. तिच्या दहा-पंधरा घरांच्या गटात हे पॅड फिरतं. त्यात नगरपालिकेचं पत्रक, पोलिसांची सूचना, शाळेची जत्रा, कुणाच्या शेताजवळ अस्वल दिसलं, लसीकरण कधी, असं सगळं. वाचायचं, यादीत आपल्या नावापुढच्या चौकोनात शिक्का मारायचा आणि पुढच्या घरी नेऊन द्यायचं. भाड्याच्या घरात राहणारे बरेचदा या यादीत नसतात. माझ्या आधी त्या घरात राहिलेले कुणीच नव्हते.

तुम्ही आत आलात, कोतात्सूत, म्हणजे खाली हीटर आणि वर रजई असलेल्या बुटक्या टेबलाखाली, पाय घातलेत आणि यादी माझ्यापुढे धरलीत. तुमच्या नावाखाली पेनाने एक नवी ओळ आखलेली होती, पट्टी लावून, अगदी सरळ. त्यात काताकानात, परदेशी नावं लिहायच्या जपानी लिपीत, माझं नाव. शेजारी रिकामा चौकोन. माझ्याकडे शिक्का नव्हता. तुम्ही अंगठा दाखवलात. डहाणूजवळच्या आमच्या पाड्यावर माझ्या आजीने आयुष्यभर कागदावर अंगठाच उठवला, आणि तिच्या अंगठ्याने बहुतेक वेळा काहीतरी हातचं गेलंच. त्या संध्याकाळी अंगठा उठवून मला काहीतरी मिळालं. हे तेव्हा तुम्हाला सांगण्याइतकी भाषा माझ्याकडे नव्हती.

तुम्ही पॅड नुसतं दारात ठेवून जाऊ शकला असता. बाकीचे तसंच करतात, त्यात गैर काही नाही. पण तुम्ही दर वेळी बसून मला ते वाचून दाखवलंत. तेही जसंच्या तसं नाही. 'सखल भागातील रहिवाशांनी सुरक्षित स्थलांतर करावे' असं काही छापलेलं असलं की तुम्ही म्हणायचात, 'खाली पाणी येईल. वर जा.' पुढे मला कळलं की याला 'यासाशी निहोंगो' म्हणजे सोपी जपानी म्हणतात. १९९५ च्या कोबेच्या भूकंपात परदेशी लोकांना सूचनाच समजल्या नाहीत, म्हणून हिरोसाकी विद्यापीठातल्या अभ्यासकांनी ती पुढे आणली. तुम्ही हे नाव ऐकलेलं नव्हतं. तुमच्यासमोर एक न समजणारी पोर बसली होती, एवढंच तुम्हाला दिसत होतं.

आणि मग त्याच महिन्यात बर्फ आला.

इथे दोन मीटर बर्फ साचण्याचं कुणाला नवल नाही. पण मी समुद्राकाठच्या जिल्ह्यातली, ताडीची झाडं आणि चिकूच्या वाड्या बघत वाढलेली. १८ डिसेंबरच्या सुमारास आपल्या प्रांतात इतका बर्फ कोसळला की नागाओका, काशिवाझाकीकडच्या राष्ट्रीय महामार्गांवर गाड्या रात्रभर अडकून पडल्या. सकाळी माझं दार उघडेना. बाहेरून खर्र खर्र आवाज येत होता. तुम्ही, वय ८१, माझ्या दारासमोरचा बर्फ उपसत होतात.

दार उघडल्यावर तुम्ही मला नमस्कारही करू दिला नाहीत. हात धरून घराला फेरी मारायला लावलीत. वळचणीखालून चालायचं नाही, छपरावरचा बर्फ आवाज न करता येतो. हीटरच्या धुराची नळी भिंतीतून बाहेर येते तिथला बर्फ सगळ्यात आधी काढायचा, नाहीतर विषारी वायू घरात फिरतो. गाडी सुरू ठेवून आत बसायचं नाही. छपरावर एकटीने कधीही चढायचं नाही. शेवटचं वाक्य तुम्ही तीनदा म्हणालात. संध्याकाळी 'नीगाता निप्पो' हा पेपर घेऊन आलात. आपल्याच प्रांतात बर्फात बुजलेल्या गाडीत बसलेल्या एका तरुण बाईचा जीव गेल्याची बातमी त्यात होती. ती तुम्ही मला वाचून दाखवलीत, मग पेपर घडी केलात आणि बराच वेळ काही बोलला नाहीत.

बर्फाबद्दल तुम्ही कधी कौतुकाने बोलला नाहीत, हे मला आवडतं. बाहेरचे लोक फोटो काढायला येतात. तुम्ही मला १९३८ च्या नववर्षाच्या दिवसाची गोष्ट सांगितलीत. तुमच्या जन्माआधीची, आईकडून ऐकलेली. बर्फाच्या भाराने तोकामाचीतल्या सिनेमागृहाचं छप्पर कोसळलं आणि ६९ माणसं गेली. १९६३ आणि १९८१ चे हिवाळे तुम्ही स्वतः काढलेत, माडीच्या खिडकीतून ये-जा करत. आणि तरी याच गावाने १९५० पासून फेब्रुवारीत बर्फाचा उत्सव मांडलाय. बर्फाला शत्रू मानून जगता येत नाही, म्हणून त्याच्याशी मैत्री करायची ठरवली, असं तुम्ही म्हणालात. गल्लीगल्लीत लोकांनी घडवलेले बर्फाचे पुतळे तुम्ही मला दाखवलेत तेव्हा प्रत्येकामागचं घर ओळखून सांगत होतात.

जानेवारीत तुम्ही मला सेक्कि-इचीला नेलंत. १०, १५, २० आणि २५ तारखेला भरणारा तो बाजार. तिथे टोपल्या, चटया, आणि सगळ्यांची रांग असते ती चिनकोरोपुढे: तांदळाच्या पिठाची अंगठ्याएवढी कुत्र्याची पिल्लं, रंगीत टिकल्या लावलेली. मी हातात घेतलं आणि ओळखलं, ही उकड आहे. आमच्याकडे हिचे मोदक होतात. घरी आणलेलं पिल्लू सुकून दोन दिवसांत तडकलं, मला वाईट वाटलं. तुम्ही टाळ्या वाजवल्यात. जितक्या भेगा जास्त तितकं भाग्य मोठं, असं म्हणतात ना. ते अजून माझ्या खिडकीत आहे, भेगाच भेगा.

मात्सुनोयामाला १५ जानेवारीला नव्या जावयाला उचलून बर्फाच्या उतारावरून खाली फेकतात, ते बघून मी हसले. पण नंतर होळीसारख्या जाळाची राख बर्फात कालवून सगळे एकमेकांच्या तोंडाला फासायला लागले तेव्हा माझा घसाच दाटला. आमच्या धुळवडीलाही राखच लावतात, आजी. तुम्ही माझ्या दोन्ही गालांना राख लावलीत आणि 'ओमेदेतो', अभिनंदन, म्हणालात.

सगळ्यात मोठी गोष्ट मात्र मे महिन्यातली. तुमच्या पुतण्याने गाडी काढली आणि तुम्ही कुठे जायचं ते सांगेनात. डोंगरात, तळ्याकाठी, एका बंद पडलेल्या शाळेच्या इमारतीपाशी गाडी थांबली. मिथिला म्युझियम. १९८२ पासून ते तिथे आहे. मधुबनीची चित्रं असतील म्हणून मी आत गेले, आणि आतल्या एका भिंतीवर आमची, वारली चित्रांतली माणसं होती. गेरूच्या रंगावर पांढरी, तांदळाच्या पिठातली. तारप्याच्या, आमच्या फुंकून वाजवायच्या वाद्याच्या, भोवती गोल फिरणारी. चित्रकार जिव्या सोमा म्हसे, गंजाडचे. माझ्या गावापासून गंजाड लांब नाही. आमच्याकडे लग्नात सवाशिणी भिंतीवर देवीचा चौक लिहितात. 'काढतात' नाही, 'लिहितात' म्हणतो आम्ही. माझी आई लिहायची, मी तिच्या वाटीत पीठ कालवून द्यायचे.

तुम्ही काइरानबानमधल्या नगरपालिकेच्या पत्रकात या जागेबद्दल वाचलं होतं, 'भारत' हा शब्द बघितला होता आणि महिनाभर तो कागद जपून ठेवला होता. मी रडले. तुम्ही काही विचारलं नाहीत. परत येताना गाडीत मी तुम्हाला तुटक तुटक सांगितलं, ते माझ्या घरचं आहे. तुम्ही तरुणपणी तोकामाचीच्या किमोनोच्या कारखान्यात मागावर काम केलंय. तुम्ही म्हणालात, 'मग तुझ्या हातालाही ओळी येतात.' त्या उन्हाळ्यात आपण दोघींनी तुमच्या कोठारातल्या पुठ्ठ्यावर तारपा लिहिला.

१ जानेवारी २०२४. दुपारी चार वाजून दहा मिनिटं. नोतोचा भूकंप, ७.६ तीव्रतेचा. मी सुट्टीवर, घरात एकटी. लाकडी घर जहाजासारखं हललं. टीव्हीवर निवेदिका ओरडून सांगत होती, पळा, समुद्रापासून लांब पळा. मला पळा एवढंच कळलं. मी अनवाणी दारात आले तर तुम्ही कुंपणाशी उभ्या, खांद्यावर चादर. 'इथे समुद्र येत नाही. छपरापासून लांब उभी राहा. गॅस बंद कर. चपला घाल.' चार वाक्यं. मग तुमचं सगळं अंग थरथरत होतं, ते मला दिसलं. २३ ऑक्टोबर २००४ च्या संध्याकाळचा भूकंप तुम्ही इथेच सोसलात, त्यात ६८ जण गेले. तुम्ही किती रात्री गाडीत झोपलात, आणि गाडीत पाय दुमडून झोपल्याने रक्ताची गाठ होऊन माणसं कशी दगावली, हे तुम्ही त्या रात्री पहिल्यांदा सांगितलंत. आपण तुमच्या घरी एकाच कोतात्सूत झोपलो. तुमचा हात मी सकाळपर्यंत सोडला नाही.

निधनवार्तांचं पान वाचायलाही तुम्हीच शिकवलंत. तुम्ही पेपर तिथूनच उघडता. कुणाच्या घरी जायचं, पाकिटात नोटा कोऱ्या करकरीत नको, घडी पडलेल्या हव्यात, दारात काय बोलायचं. माझ्या कामात हे किती वेळा लागतं, ते तुम्हाला माहीत आहे.

या वर्षीच्या बर्फाने तुमच्या गुडघ्यांना जाब विचारला. आता तुम्ही काठी धरून फाटकापर्यंतच येता. आणि गेल्या महिन्यातल्या बैठकीत आपल्या गटाचं हानचोपद, म्हणजे गटप्रमुखाचं काम, कुणाकडे, यावर सगळे गप्प असताना तुम्ही माझं नाव घेतलंत. कुणीतरी म्हणालं, तिला जमेल का? तुम्ही म्हणालात, 'ती अडीच वर्षं माझ्याबरोबर वाचते आहे.' एवढंच.

म्हणून आता पॅड माझ्याकडून निघतं, आणि पहिलं घर तुमचं. उद्याच्या पत्रकात वसंतातल्या सफाईची सूचना आहे: रविवार, सकाळी सात, गटारांतला हिवाळ्याचा गाळ काढायचा. तुम्ही यायचं नाही. तुमच्या दारासमोरचा तुकडा मी करते, माझ्या तुकड्याबरोबरच. पॅड घेऊन मी संध्याकाळी सहाला येईन. दार मीच सरकवेन, उठू नका. चष्मा सापडला नाही तरी चालेल, मी वाचून दाखवीन.

तुमची,
शेजारच्या घरातली, यादीत तुमच्या खालची