बायोची चौथी

रत्नागिरी,
डिसेंबरचा पहिला रविवार

तीर्थरूप बाबा आणि आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बायोने 'आवर फादर' ही शाळेतली ख्रिस्ती प्रार्थना पहिल्यापासून शेवटपर्यंत घडाघडा म्हणून दाखवलं आणि बाबा, तुम्ही काही न बोलता फोन आईकडे दिलात. आईने "काय जेवलात?" विचारलं, मी "आमटीभात" म्हटलं, संपलं. म्हणून हे पत्र. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, आणि नको असलेलं तर ऐकू येऊनही येत नाही, हे आईलाही ठाऊक आहे.

गणपतीत तुम्ही जावयांना विचारलंत, "सिस्टरांच्या शाळेत चौथीला शिकवतात तरी काय?" मला नाही विचारलंत. जन्मभर चौथीचा वर्ग घेतलेल्या माणसाने हा प्रश्न विचारला म्हणजे त्यात राग किती असेल ते मला कळतं. तर सांगते.

आधी प्रार्थनेचं. बायबलच्या तासाला तिला कोणी बसवत नाही. ख्रिस्ती मुलं धर्मशिक्षणाला जातात, त्याच वेळी बाकीच्यांचा मूल्यशिक्षणाचा तास असतो. आणि मनात आणलं तरी शाळेला तसं बसवता येणार नाही. सरकारमान्य शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धर्मशिक्षण सक्तीचं करता येत नाही, हे घटनेच्या 28व्या कलमातच आहे. 'आवर फादर' सकाळच्या रांगेत असतं, कानावर पडून पडून पाठ झालं. मोहल्ल्यातल्या पहाटेच्या बांगेवर आईचा चहा ठरलेला असायचा. त्याने आपल्या घरात काय बिघडलं?

आणि दापोलीच्या मिशन हायस्कुलाचं नाव तुम्हीच तर आम्हाला अभिमानाने सांगायचात. साने गुरुजी तिथले विद्यार्थी. पां. वा. काणे तिथलेच, ज्यांनी धर्मशास्त्राचा इतिहास लिहिला आणि 1963 साली ज्यांना भारतरत्न मिळालं. मिशनऱ्यांच्या शाळेत शिकून माणूस धर्मशास्त्राचा एवढा मोठा पंडित झाला. मग माझ्या बायोनेच काय घोडं मारलंय?

आता इतिहास. चौथीला शिवाजी महाराजच आहेत बाबा, तुमच्या वेळी होते तसेच. पुस्तक इंग्रजीत आहे एवढंच. शिकवणाऱ्या सिस्टर मूळच्या मंगळुरूच्या, त्यांना 'ळ' आपल्यापेक्षा स्वच्छ येतो. अफजलखानाचा धडा झाला त्या दिवशी बायोने घरी आल्या आल्या वडलांना मिठी मारली आणि पाठीत पट्टी खुपसली. दिवाळीत तिला अंगणात साधा किल्ला नको होता, जलदुर्गच हवा. सिंधुदुर्ग. 1664 साली मालवणच्या कुरटे बेटावर पाया घातला, पायात शिसं ओतलं, हे सगळं तिने आम्हाला ऐकवलं. मग मोठं घमेलं आणलं, मध्ये तांबड्या मातीचा किल्ला, भोवती पाणी. रात्रीत तट विरघळून घमेल्यात नुसता लाल चिखल. सकाळी ती रडेल म्हणून मी आधीच उठून बसले होते. ती आली, बघितलं, म्हणाली, "शिसं घालायचं राहिलं."

गणिताच्या बाबतीत मात्र तुमची तक्रार मला मान्य आहे. भागाकार येतो, अपूर्णांक येतात, पण 'वन फोर्थ' येतं आणि पाव येत नाही. पाव म्हटलं की तिला बेकरीतला आठवतो. परवा मच्छी मार्केटात मासळीवाली म्हणाली, "सव्वाशेला वाटा घे गो," तर बायो माझ्या कानाशी लागून विचारते, "सव्वाशे म्हणजे वन ट्वेंटी फाइव्ह ना?" समोर बांगड्यांचा वाटा, मागे गिऱ्हाइकं, आणि मला कुठे तोंड लपवू असं झालं. एकोणऐंशी म्हटलं की बोटं मोजते. मराठी विषय आहे, 2020च्या कायद्याने सगळ्याच शाळांना तो सक्तीचा झालाय, कविताही ती चालीवर म्हणते. पण विषय म्हणून मराठी येणं वेगळं आणि बाजारात मराठी येणं वेगळं. ही शाळेची चूक म्हणू की आमची, मला ठरवता येत नाही. घरी आम्हीही तिच्याशी फिफ्टी-सिक्स्टीच बोलतो.

अक्षर बघाल तर खूश व्हाल. चार रेघांच्या वहीत जोडून लिहायचं, खाडाखोड दिसली की पान पुन्हा. सहामाहीनंतर शाईचं पेन मिळालंय. बोटं निळी, फ्रॉकचा खिसा निळा. मला तुमच्या दौत-टाकाची आठवण झाली. धुणं मी धुते, त्यामुळे फार वेळ झाली नाही.

एक गोष्ट लिहू की नको, असं दोन दिवस चाललंय. लिहितेच.

मूल्यशिक्षणाच्या तासाला सिस्टरांनी एक दृष्टांत सांगितला. येरुशलेमहून यरिहोला उतरणाऱ्या वाटेवर एकाला लुटारूंनी मारून टाकून दिलं. त्याच्याच जातगोतातले दोघे वरच्या अंगाने निघून गेले, एक तर पुजारीच होता. थांबला तो शोमरोनी, दुसऱ्या जमातीतला. या दोन जमातींत एकमेकांच्या हातचं पाणी चालत नव्हतं. त्याने जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, आपल्या जनावरावर घालून धर्मशाळेत नेलं, खर्चाचे पैसेही भरले. बायोला आंबा घाट माहीत आहे, म्हणून तिने सगळं तिथेच घडवलंय. लुटारू झाडीत, पुजारी एस्टीत.

घरचा अभ्यास होता, 'तुझा शेजारी कोण?' पाच ओळी. मला वाटलं समोरच्या ब्लॉकमधल्या मैत्रिणीबद्दल लिहील. तिने लिहिलंय तुमच्या कुंपणाच्या दगडी गडग्यापलीकडच्या काकांबद्दल. आजोबा पावसात विहिरीच्या पायरीवर पडले तेव्हा काकांनी टेम्पो काढला आणि त्यांना दापोलीला नेलं. आमचं त्यांच्याशी बोलणं नाही कारण गडगा दीड हात आत आहे. पाचवी ओळ अशी: 'काकांनी आधी गडगा मोजला नाही.' खाली सिस्टरांनी लाल शाईने बरोबरची खूण केली आहे.

मी तिला काही सांगितलं नव्हतं, आई, तुझी शपथ. दीड हात तिने कुठे ऐकलं तेही मला माहीत नाही. पण 'दीड' तेवढं बरोबर आलंय. वही पाठवत नाही, आलात की तीच दाखवेल.

शाळेत नाताळचा गोठा यंदा चौथीकडे आहे. तीच तांबडी माती. गवत दिसावं म्हणून नाचणी पेरलीय, आपण किल्ल्यावर अळीव पेरतो तशी. मेंढपाळ कमी पडले म्हणून बायो दिवाळीचे मावळे घेऊन गेली. दोघांच्या हातातल्या तलवारी काढल्या, तिसऱ्याची मातीतच पक्की होती, निघेना. सिस्टर म्हणाल्या, राहू दे, बाळाच्या राखणीला एक असावा. आता तो गव्हाणीच्या उजव्या बाजूला उभा आहे. गोठा जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत राहील, शाळेला सुट्टी असली तरी व्हरांडा उघडा असतो.

तेव्हा या. गुडघ्यांचं कारण सांगू नका, दापोलीहून थेट गाडीत बसवायला इथून हेच येतील. बाबा, पावकी-निमकीची जुनी वही माळ्यावर असेल ती आणा, औटकीपर्यंत सगळं तिच्याकडून तुम्हीच करून घ्या, मला साडेतीनचा पाढा कधीच आला नाही. आई, कुळथाचं पीठ संपलंय, आणि कोकमं असतील तर थोडी.

तुमची,
लेक

ता. क. तुमच्या कपाटातलं मराठी शिवछत्रपती मे महिन्यात बायोने आणलं होतं, ते आता वाचतेय. 'बादशहाच्या हातावर तुरी' या धड्यापाशी अडलीय. विचारते, महाराजांनी त्याला डाळ का दिली? मी म्हटलं, आजोबांना विचार. रविवारी सकाळी फोन करेल, आईकडे देऊ नका.