केप यॉर्क सहल: गाडी नेणाऱ्यांसाठी आठवण

मंडळी, ऑस्ट्रेलियातलं केर्न्स शहर ते केप यॉर्कचं उत्तरेकडचं पजिंका टोक एका बाजूने साधारण १००० किमी. जुलै कोरडा हंगाम असला तरी ओल्ड टेलिग्राफ ट्रॅक या कच्च्या वाटेवरचे ओढे वाहतेच असतात. गाडीला स्नॉर्कल (इंजिनाची हवा उंचावरून घेणारी नळी) नसलेल्यांनी बायपासनेच यावं, त्यात कमीपणा नाही. जार्डिन नदी मात्र सगळ्यांनी फेरीबोटीनेच ओलांडायची. तिथे मगरी आहेत, पोहायचा विचारही नको.

रस्ता पन्हाळी पत्र्यासारखा. मागच्या खेपेला कॅरियरचा नट निघाला आणि तूरडाळीचा डबा लाल धुळीत उलटला. दोन दिवस नुसता भात-लोणचं! म्हणून रोज सकाळी नट-बोल्ट तपासा, टायरमधली हवा कमी करा, दोन स्टेपन्या घ्या.

कॅम्पिंग परमिटसाठी गाडी नंबर आणि माणसं रविवारपर्यंत कळवा.