एकोणिशीनंतरची चार वर्षे

संपादक महोदय,

एकोणीस वर्षांखालील स्पर्धेत शतक लागले की गावात शाल-श्रीफळ निघते आणि मुलगा 'भारतीय संघाच्या उंबरठ्यावर' जाऊन बसतो. २००८ चा युवा विश्वचषक आठवावा. सर्वाधिक २६२ धावा तन्मय श्रीवास्तवच्या, कर्णधार विराट कोहलीच्या २३५. तन्मयला भारताच्या मुख्य संघाची टोपी कधीच मिळाली नाही. २०१२ च्या अंतिम सामन्यात नाबाद १११ करणाऱ्या उन्मुक्त चंदलाही नाही. २००४ मध्ये ५०५ धावा काढणारा शिखर धवन कसोटी खेळला तो थेट २०१३ मध्ये.

मधल्या वर्षांत खेळच बदलतो. युवा विश्वचषक ५० षटकांचा, पांढऱ्या चेंडूचा; पुढचे रणजी क्रिकेट चार दिवसांचे, लाल चेंडूचे. वेग ताशी १२५ वरून १४० किलोमीटरवर गेला की फलंदाजाच्या हातचे सेकंदाचे पाच-सहा शतांश जातात. पुढचा पाय आधीच टाकून बसणाऱ्याची तिथेच पंचाईत होते.

आपल्याकडे ही खोड पावसाळा लावतो. जून ते सप्टेंबर टर्फ म्हणजे मातीची गवताळ खेळपट्टी बंद, सराव चटईच्या मॅटवर. मॅटवर उसळी एकसारखी, म्हणून मुले उठत्या चेंडूवर ड्राइव्ह मारायला शिकतात. ऑक्टोबरात टर्फवर तोच चेंडू थांबून येतो नि कव्हरला सोपा झेल जातो, नाहीतर खाली राहून पायचीत. उपाय साधा आहे: साइडआर्मने (चेंडू वेगात फेकायच्या दांड्याने) सोळा यार्डांवरून छातीच्या उंचीचे चेंडू, एका वेळी चोवीसच. त्यापुढे पाय आळसावतात.

वेगवान गोलंदाजांचे दुखणे वेगळे. एकदिवसीय सामन्यात दहा षटके टाकणाऱ्या मुलाला चार दिवसांच्या सामन्यात एका दिवसात अठरा-वीस टाकावी लागतात. आठवड्याचे चेंडू वहीत न मोजता भार एकदम दुप्पट केला की कमरेच्या मणक्याला चीर जाते आणि अख्खा हंगाम जातो. टेनिस चेंडूच्या गावठी स्पर्धांतली षटकेही त्या वहीत यायला हवीत. ती कोणीच धरत नाही!

मडगावात जन्मलेल्या कसोटीपटू दिलीप सरदेसाईंना मोठे क्रिकेट मुंबईत मिळाले. आज गोव्याचा स्वतःचा रणजी संघ आहे. तेव्हा सत्काराच्या खर्चात थोडी काटकसर करून १९ ते २३ वयोगटासाठी नोव्हेंबर ते मार्च लाल चेंडूची दोन दिवसांची साखळी स्पर्धा भरवावी, रोज ९० षटकांची, टर्फवरच. आणि पहिल्या हंगामात अपयशी ठरलेल्याचे नाव निदान तीन हंगाम यादीतून काढू नये.

एक वाचक, फोंडा